बाबा, पाचशेची नोट नको

काणकोण,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आई, बाबांच्या डोळ्यांत ड्रॉप वेळेवर पडतायत ना गं? फोन केला असता, पण बाबा फोनवर "बरं, बरं" म्हणून विषयच बदलतात. म्हणून पत्र.

बाबा, चिरंजीव रविवारी फर्मागुडीच्या होस्टेलवरून डिचोलीला येतात आणि निघताना तुम्ही त्यांच्या खिशात पाचशेची नोट सरकवता, हे मला कळलंय. त्याने चुगली केली नाही. दसऱ्याला घरी आला तेव्हा मी त्याला ओसरीवर बसवलं आणि मोबाइलमधला सप्टेंबरचा सगळा खर्च वहीत उतरवायला लावला. एका महिन्यात ९४ वेळा पैसे गेलेले! चहा १५, चहा १५, पायलटला (मोटरसायकल टॅक्सीवाल्याला) ५०, कधीही न उघडलेल्या कुठल्याशा ॲपचे १४९. मेसचे पैसे आम्ही वेगळे भरतो, तरी वरखर्चाचे ४,००० वीस तारखेलाच संपले. रस-ऑमलेटची बेरीज १,१२० आली तेव्हा स्वारीने स्वतःच पुन्हा एकदा करून पाहिली. नोट मोडताना माणूस निदान क्षणभर थांबतो. इथे फोन दाखवला की काम झालं.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलंही नसतं. त्याने १,८०० रुपयांचे बूट "आत्ता घ्या, नंतर भरा" असल्या उधारीवर घेतले होते. तारीख चुकली, ३०० रुपये दंड बसला. ते २,१०० त्याने कुठून भरले? तुमच्या चार रविवारांच्या नोटा आणि वर शंभर. म्हणजे नातवाचा दंड तुम्ही भरलात आणि चटका कुणालाच बसला नाही. असे हप्ते थकले की क्रेडिट स्कोअर खाली येतो. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेला की बँक हेच उकरून काढणार. क्रेडिट कार्डाचं तर विचारूच नका. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ४२ होतात.

मला १९९८ चा ऑगस्ट आठवतो. पणजीच्या मळा भागातली आमची खोली, तुम्ही पाच तारखेला दिलेले ६०० रुपये, आणि त्यातला चुडीदार मी नऊ तारखेलाच घेतलेला. गणपतीची चवथ तोंडावर आली आणि हातात सत्तर-बहात्तर रुपये. एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला, तर तुम्ही म्हणालात, "पाच तारखेला देतो," आणि मीटर वाढतोय म्हणून फोन ठेवलात. तेव्हा मी इतकी रडले होते! पण त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत पाच तारीख आली की पहिलं काम म्हणजे पैशांच्या चार पुड्या करून चार आठवड्यांच्या पाकिटांत घालणं.

तुम्ही मला कधी काही शिकवायला बसला नाहीत. पण मी गल्ल्याशेजारी अभ्यास करत असायची आणि रात्री आठला रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला यायचा. जुलैतल्या धो-धो पावसात, बॅगेवर प्लास्टिक गुंडाळून, छत्रीचं पाणी पायरीवर निथळत. एके दिवशी गल्ला ऐंशी रुपयेसुद्धा नव्हता. तुम्ही त्यातूनही वीस रुपये मोजून दिलेत, सगळी नाणी, आणि तोही बिचारा उभ्याउभ्या मोजत राहिला. माझी फी त्याच पिग्मीतून गेली, हे मला फार उशिरा कळलं.

चिरंजिवांच्या दारात पिग्मीवाला येणार नाही. म्हणून पोस्टात महिना ५०० ची आवर्ती ठेव उघडलीय, पैसे जमा झाले की त्याच दिवशी कापून जाणारी. पाच वर्षांत ३०,००० भरून सध्याच्या ६.७ टक्क्यांनी साडेपस्तीस हजारांच्या थोडे वर होतात. तुमच्या लेखी चिल्लर, पण रक्कम मोठी व्हावी हा हेतूच नाही. उरलेले ३,५०० सोमवारी-सोमवारी थोडे थोडे देते. फोनला जोडलेल्या खात्यात तेवढेच ठेवायचे, गुरुवारी संपले तर रविवारपर्यंत मेसचं जेवण आणि पायी फिरणं. परवा बुधवारीच संपले होते. मी फोन उचलला नाही. जीव कासावीस झाला, खोटं कशाला बोलू? तुम्हालाही त्या बूथवरच्या फोनानंतर असंच झालं असेल, हे मला आत्ता कुठे सुचतंय.

तेव्हा बाबा, त्याला बाजारात न्या, भाजी-पाव खाऊ घाला, पिग्मीची जुनी पुस्तकं माळ्यावर असतील तर काढून दाखवा. हातात नोट मात्र देऊ नका.

आणि आई, त्या ऑगस्टमध्ये तू कदंबा बसच्या कंडक्टरकडे पोह्यांचा डबा दिला होतास. केळीच्या पानाखाली वीसची नोट होती. बाबांना मी इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, आता हे पत्र तेच वाचून दाखवणार म्हणजे कळलंच. नातवालाही डबा जरूर दे. पानाखाली बघ म्हणून मी त्याला काही सांगितलेलं नाही.

तुमची लेक