मुलांना टक लावून बघायला लावू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा जवळ आल्या की क्लासच्या दारात पालकांचं एकच चालू असतं, "इकडेतिकडे बघू नकोस, टक लावून बघ आणि काढ". प्लीज असं सांगू नका हो. वस्तुचित्रात तांब्याच्या तोंडाचा लंबगोल बराच वेळ बघत बसलं की नजर त्याला सरावते, मग तो जास्त चपटा झालाय की जास्त गोल हेच कळेनासं होतं. पोरगं आळशी नसतं, मेंदूच तसा चालतो.

जेम्स गिब्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे दाखवलंय. प्रिझमच्या चष्म्यातून सरळ रेघ वाकडी दिसते, पण बघत राहिलं की बाक कमी वाटायला लागतो आणि चष्मा काढला की सरळ रेघ उलट्या बाजूला वाकलेली दिसते! मग त्यांनी चष्म्याशिवाय खरोखरची वाकडी रेघ बघायला दिली, तरी तेच.

घरी करून बघा. उभ्यापासून साधारण १५ अंश उजवीकडे कललेल्या रेघा मिनिटभर बघा आणि लगेच सरळ उभ्या रेघांवर नजर टाका, त्या किंचित डावीकडे झुकलेल्या वाटतात. एका डोळ्याने तिरप्या रेघा बघून मग दुसऱ्या डोळ्याने उभ्या बघितल्या तरी थोडाफार फरक जाणवतोच, म्हणजे हा नुसत्या डोळ्याचा खेळ नाही, मेंदूत वेगवेगळ्या तिरपेपणासाठी वेगवेगळ्या पेशी असतात, ज्या सतत काम करतात त्या मंदावतात आणि बाकीच्यांचं पारडं जड होतं.

चेहऱ्यांचंही तसंच. वेबस्टर आणि मॅकलिन या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की आवळलेला चेहरा बघत राहिलं तर नंतर साधा चेहरा फुगलेला दिसतो. दिवसभर मोबाइलवर फिल्टरमधले निमुळते चेहरे बघणाऱ्या मुलींना आरशात स्वतःचे गाल मोठे वाटत असतील तर मला नवल वाटत नाही, आणि खरं सांगते, परीक्षेपेक्षा मला याचीच काळजी जास्त आहे.

मुलांना मधेमधे मान वर करू द्या, खिडकीबाहेर बघू द्या, चित्र उलटं धरून किंवा आरशात बघायला सांगा, चूक पटकन सापडते.

तुमच्याकडे एक मागणी आहे, रविवारच्या पुरवणीत या तिरप्या आणि उभ्या रेघा शेजारी शेजारी छापा, जाड आणि काळ्याभोर, आणि दोन्हींच्या मधोमध एकेक टिंब द्या म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळेल.

एक चित्रकला शिक्षिका, दादर, मुंबई