आई, बेडूक ठीक आहे

अटलांटा, ६ एप्रिल २०१४

प्रिय आई आणि बाबा,

सा. न. पाडव्याच्या दिवशी फोनवर आई म्हणाली ना की आवाज का असा येतोय तुझा, काही झालंय का, तेव्हा श्रीखंडाचं कारण सांगून टाळलं, पण खरं कारण मपेट्स होतं. म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन हातबाहुल्या, त्यातला तो आपला हिरवा बेडूक, कर्मिट. आई, तू बाळंतपणाला आली होतीस तेव्हा भाषा कळत नसतानाही त्याचे जुने एपिसोड रोज लावायला सांगायचीस, आठवतंय का?

तर त्यांचा नवीन सिनेमा २१ मार्चला आला. आम्ही दुसऱ्या शनिवारी दुपारच्या शोला गेलो तर अख्ख्या थिएटरमध्ये आम्ही तिघं धरून जेमतेम दहा-बारा माणसं, मला तर रडूच यायला लागलं. पहिल्या तीन दिवसात १७ मिलियन डॉलरच झाले म्हणे, २०११ च्या सिनेमाने तेवढ्याच दिवसात २९ केले होते आणि वर गाण्यासाठी ऑस्कर पण घेतलं होतं. आता सगळे बोलतायत की संपलं, आजकालच्या पोरांना बाहुल्या नकोत वगैरे. आमचं पिल्लू तर खुर्चीच्या टोकावर बसून खिदळत होतं, ते आजकालचंच पोर आहे ना!

मला नाही वाटत संपलंय. बाबा, तुम्हाला माहितीये का, मपेट्स ज्याने बनवले त्या जिम हेन्सनला टीव्हीवर द मपेट शो करायचा होता तेव्हा अमेरिकेतली चॅनलं तयारच नव्हती, शेवटी इंग्लंडच्या ल्यू ग्रेड नावाच्या टीव्ही निर्मात्याने पैसे आणि स्टुडिओ दिला, मग १९७६ ते ८१ लंडनजवळ एल्स्ट्रीला १२० एपिसोड झाले आणि जगभर गाजले. नंतर १९८६ ला जिमचा लॅबिरिंथ नावाचा सिनेमा आला, २५ मिलियन खर्च आणि अमेरिकेत त्याच्या निम्माच गल्ला, माणूस पार खचला होता. आणि आज तोच सिनेमा लोक जीव टाकून बघतात. हे बघायला तो नाही याचं मात्र फार वाईट वाटतं, १९९० ला गेला, फक्त ५३ वर्षांचा होता.

तेव्हाही सगळ्यांना वाटलं असणार की आता बेडूक गेला. कारण कर्मिटच्या तोंडात काही यंत्र-बिंत्र नाही गं, नुसता माणसाचा हात, बोटं जरा आत ओढली की तो ओशाळतो, मूठ वळली की सगळा चेहरा गोळा होतो. हात डोक्यावर धरून तासन्‌तास उभं राहायचं आणि खाली मॉनिटरमध्ये बघत बोलायचं, खांदे भरून येत असतील. तर जिमनंतर स्टीव्ह व्हिटमायरने तो हात घातला आणि गेली चोवीस वर्षं कर्मिट बोलतोय. आपल्याकडे नाही का, यशवंत पाध्यांचा अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांनी बोलता ठेवला, बाबा तुम्ही टीव्हीवर तो आला की मला हाक मारायचात. मग एका सिनेमाला गर्दी झाली नाही म्हणून हे कसं काय संपेल, मला सांगा.

इथे अटलांटात पपेट्रीचं, म्हणजे बाहुल्यांच्या खेळांचं मोठं सेंटर आहे, १९७८ ला उघडलं तेव्हा जिम आणि कर्मिटने रिबन कापली होती. पुढच्या रविवारी पिल्लूला नेतेय.

आणि आई एक काम होतं. पहिला कर्मिट १९५५ ला जिमने त्याच्या आईच्या जुन्या हिरव्या कोटातून शिवला होता, डोळे म्हणजे पिंगपाँगचा बॉल मधोमध कापलेला. पिल्लूने परवा बॉल कापून घेतला माझ्याकडून, मार्करने बुबुळं पण काढलीत, आणि आता म्हणते आजीचंच कापड पाहिजे. तुझी ती पोपटी शाल, कसर लागलेली, टाकली नसशील तर मे महिन्यात मावशी येतेय तिच्याबरोबर पाठव. धुऊ नकोस, तशीच दे.

तुमची,
बेबी