कोरोना टॅक्सीतून नाही, विमानातून आला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आफ्रिकेतल्या कोरोनावरचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. लेखकमहाशय कधी डरबनला गेलेत की नाही माहीत नाही, आम्ही मात्र २०२० मध्ये तिथेच होतो, मिस्टरांच्या नोकरीमुळे. ‘दाट वस्त्या आणि लोकांचं अज्ञान’ यामुळे साऊथ आफ्रिकेत कोरोना शिरला असं यांनी ठोकून दिलंय. अहो, पण घेऊन आलं कोण? पहिली केस ५ मार्चला जाहीर झाली, आमच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतात. इटलीला फिरायला गेलेल्या १० जणांच्या ग्रुपमधला माणूस, १ मार्चला परतलेला. पुढच्या आठवड्यातले पेशंटही बहुतेक असेच, युरोप करून आलेले. पासपोर्टवर युरोपच्या शेंगेन व्हिसाचा शिक्का असलेल्यांना अज्ञानी म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

आमच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर काय चालायचं ते सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई, मुलं त्यांना गोगो म्हणायची म्हणजे झुलूत आजी, डरबनजवळच्या उमलाझी वस्तीतून टॅक्सीने यायच्या. (तिथे टॅक्सी म्हणजे आपली वडाप, कोंबून बसायचं.) मार्चच्या मध्यावर सिक्युरिटीवाला त्यांच्या कपाळावर ते ताप मोजायचं पिस्तूल धरायचा, हातावर स्पिरिटच्या वासाचं काहीतरी ओतायचा, रजिस्टरमध्ये नाव, फोन, वेळ सगळं लिहून घ्यायचा आणि तोपर्यंत त्या उन्हात उभ्या. त्याच वेळी मागून एका कुटुंबाची गाडी आली, बर्फात स्कीइंग करून नुकतेच परतलेले, गॉगलच्या जागी गोरे आणि बाकी तोंडं रापलेली. रिमोट दाबला, दांडा वर, गाडी आत. ना पिस्तूल, ना रजिस्टर. वर दोन दिवसांनी नोटीस लागली की घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. मी मॅनेजरला जाब विचारला तर म्हणाला, मॅडम, ते लोक गर्दीतून येतात ना. आणि हे कुठून आले, इटलीतल्या मिलानमध्ये काय शुकशुकाट होता?

तुमच्या लेखकाचं नि त्या मॅनेजरचं चांगलं जमेल.

२३ मार्चला तिथले राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर केला तेव्हा देशात ४०२ केसेस होत्या. मग दारू बंद, सिगरेटची विक्री तर थेट ऑगस्टपर्यंत बंद, त्यात मिस्टरांचे काय हाल झाले ते सांगत नाही. आणि एप्रिलमध्ये डरबनमध्ये मोठा उद्रेक कुठे झाला? एका नामांकित खासगी हॉस्पिटलमध्ये! नर्सेस, पेशंट मिळून शंभरावर लोकांना लागण. नंतर मे-जूनमध्ये केपटाऊनच्या खायेलित्शासारख्या वस्त्यांमध्ये पसरलाच, मी नाही म्हणत नाही, पण तिथली माणसं दुकानांत, कारखान्यांत, दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणारी, त्यांना कोणी ‘वर्क फ्रॉम होम’ दिलं होतं? लेखात हे एका ओळीतही नाही.

ओमायक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार सापडला तेव्हाही तेच. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या आणि बोट्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे जगाला सांगितलं, तर बक्षीस काय, विमानं बंद. आमच्या डोंबिवलीत केपटाऊनहून आलेला पेशंट सापडला तर इथे लोक ‘आफ्रिकन व्हायरस’ म्हणून मोकळे.

आणखी एक, ‘आफ्रिका’ हा एक देश नाही हो. लेखाचं हेडिंग आफ्रिका, आकडे साऊथ आफ्रिकेचे, वर फोटोत जिराफ. जिराफाचा काय संबंध?

जाता जाता, पाण्याच्या टँकरबद्दलचं माझं मागचं पत्र तुम्ही इतकं कापलंत की शेजाऱ्यांना वाटलं मी टँकरवाल्यांची बाजू घेतेय. यावेळी जागा कमी पडली तर मिस्टरांच्या सिगरेटचं खुशाल उडवा, गेटचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, डोंबिवली पूर्व