दर्जा अहवालात सगळे ‘उत्तम’, आणि आप्पांच्या कमरेला जखम: एक तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
ज्येष्ठ नागरिक निवास व शुश्रूषा सेवा,
मुख्य कार्यालय

प्रत माहितीसाठी: व्यवस्थापक, बेळगाव शाखा

विषय: बेळगाव शाखेतील शुश्रूषेतील त्रुटी, खोट्या नोंदी आणि मासिक दर्जा अहवालाबाबत

महोदय,

आपल्या बेळगाव शाखेकडून गेल्या आठवड्यात मला अंतिम हिशेब आला. अनामत रकमेतून ‘गादी खराब केल्याबद्दल’ ६,५०० रुपये कापले आहेत. ती गादी माझ्या वडिलांच्या जखमेतून वाहणाऱ्या पाण्याने खराब झाली. जखम आपल्याच इमारतीत, आपल्याच कॉटवर झाली. त्याच महिन्याचा आपला दर्जा अहवाल माझ्यासमोर आहे. जेवण उत्तम, स्वच्छता उत्तम, वैयक्तिक निगा उत्तम, मनोरंजन उत्तम, रहिवासी समाधानी. खाली शाखा व्यवस्थापकांची सही. पैशांचे मी पुढे लिहिणारच आहे, पण आधी हा अहवाल कसा तयार होतो ते आपण ऐकून घ्यावे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. वय ७९. सगळी हयात वडगावात मागावर गेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, बोलणे अडखळू लागले. मधुमेह आधीपासून आहे. मी निपाणीला असते, भाऊ परराज्यात नोकरीला. घरी उचलून बसवायला माणूस मिळेना, म्हणून आपल्याकडे आलो. दरमहा ३८,००० रुपये, त्यात चोवीस तास प्रशिक्षित नर्स, मधुमेहाचे पथ्य, फिजिओथेरपी आणि हवेची गादी असे आपल्या माहितीपत्रकात छापले आहे. ते पत्रक मी जपून ठेवले आहे.

पहिले दोन महिने मला तक्रारीला जागा दिसली नाही. दिसणार कशी? आपल्या नियमाप्रमाणे नातेवाइकांनी चार ते पाच या वेळात, खालच्या हॉलमध्येच भेटायचे. खोलीत जायला मनाई, कारण ‘इतर रहिवाशांची गैरसोय’. हॉलमध्ये आप्पा दाढी केलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले, चाकाच्या खुर्चीत बसवलेले असायचे. सदऱ्याची कॉलर सैल दिसली म्हणून मी विचारले, तर “वयाप्रमाणे होतं ताई” असे उत्तर आले. खुर्चीत ते पेंगत असत. विचारले तर “दुपारचं जेवण झालंय, सुस्ती आहे.” वजन किती, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पुढे भेटीऐवजी व्हॉट्सअॅपवर फोटो येऊ लागले: संक्रांतीचे, शिवजयंतीचे, केकचे. आप्पा मधुमेही आहेत.

मग एका सकाळी शाखेतून फोन आला की त्यांना ताप आहे, दवाखान्यात न्यायचे आहे. गाडी घेऊन मी थेट खोलीत गेले. त्या दिवशी मला अडवायला दारात कोणी नव्हते.

पाण्याचा ग्लास आणि बोलावण्याची घंटा, दोन्ही आप्पांच्या उजव्या हाताला ठेवलेल्या. उजवा हात हलत नाही, हे आपल्या दाखल फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे. हवेच्या गादीच्या पंपाचा प्लग काढून ठेवलेला, आणि त्या बोर्डाला कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला. पंप बंद असला की ती गादी म्हणजे नुसते रबर. त्यातले कप्पे आळीपाळीने फुगतात आणि दाबाची जागा बदलते, म्हणून तर तिचा उपयोग. आणि कॉटच्या पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता अडकवलेला. दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून त्यावर सह्या. मी खोलीत होते तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तक्त्यावर दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. त्याचा फोटो, वेळेसकट, सोबत जोडला आहे.

दवाखान्यात कपडे काढल्यावर कमरेखाली, माकडहाडाजवळ, तळहाताएवढी जखम दिसली. डॉक्टरांनी ती पडून राहिल्याने होणारी दाबाची जखम, आणि तीही तिसऱ्या पायरीची, ठरवली. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी मला शांतपणे समजावून सांगितले. पहिल्या पायरीला कातडी फक्त लाल होते आणि बोटाने दाबले तरी ती लाली जात नाही. दुसरीला कातडी फाटते. तिसरीला खालची चरबी उघडी पडते. चौथीला हाडापर्यंत पोचते. म्हणजे पहिल्या पायरीपासून तिसरीपर्यंत आप्पांची पाठ कोणी तरी रोज पुसत होते, कपडे बदलत होते, आणि कोणाच्याही वहीत एक ओळ नाही. आपल्या शाखेने दिलेल्या कागदांत ‘स्पंजिंग केले’ असे रोज लिहिले आहे. पाठ पाहिली असे कुठेही नाही.

वजन भरले ५२ किलो. दाखल करताना आपल्याच काट्यावर ५८ होते. तीन महिन्यांत सहा किलो, म्हणजे शंभरात दहाहून जास्त. म्हाताऱ्या माणसाचे वजन एका महिन्यात पाच टक्के किंवा तीन महिन्यांत साडेसात टक्के घटले, तर ती धोक्याची खूण धरतात. डॉक्टर बोलवायचे, रक्त तपासायचे, ताटात काय जाते ते बघायचे. आपल्या जेवणाच्या नोंदीत तिन्ही वेळा ‘पूर्ण जेवण दिले’ आहे. दिलेही असेल. झटक्यानंतर आप्पांना गिळायला वेळ लागतो. डाव्या हाताने, मऊ करून, एकेक घास. अर्ध्या तासात ताट उचलले तर त्यांच्या पोटात चार घास गेलेले असतात. ताटात काय परत आले हे आपण लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी काढली. गोळ्यांच्या पाकिटात रोज रात्रीची झोपेची गोळी होती. ती कोणी सुरू केली, कधी, कशासाठी, याची चिठ्ठी शाखेत नाही आणि मला कोणी विचारले नव्हते. म्हाताऱ्यांना टाळावीत अशा औषधांची बिअर्स नावाची यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. त्यात झोपेच्या बऱ्याच गोळ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, कारण पडणे आणि भ्रम दोन्ही वाढतात. आता सगळे ओळीने लागते. रात्री गोळी, म्हणून दिवसा गुंगी. गुंगीत जेवण नाही, पाणी नाही. अंगात मांस नाही आणि हालचाल नाही, म्हणून हाडाचा दाब सरळ कातडीवर. रात्री मजल्यावर एकच आयाबाई, म्हणून माणसे झोपलेली बरी. मी असा अर्थ लावते. आपल्याकडे दुसरा अर्थ असेल तर नोंदींसकट कळवावा.

त्या आयाबाईंबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहिते. हुक्केरीकडची ती बाई आप्पांना “अज्जा” म्हणत असे आणि दवाखान्यात निघताना तिच्या डोळ्यांत पाणी होते. एकट्या माणसाला मजलाभर रहिवाशांची कूस दर दोन तासांनी बदलणे जमणार नाही, हे हिशेब येणाऱ्या कोणालाही समजेल. तिने तक्ता आधीच भरला, कारण तो भरलेला नसला तर पगार कापतात असे ती म्हणाली. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली नर्स रात्री आपल्या इमारतीत असते का, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

भाषेचे लिहिले नाही तर खोटे होईल. आप्पा बाजारापुरते कानडी उत्तम बोलत. झटक्यानंतर जे शब्द उरले ते मराठी उरले. आपले समाधानाचे फॉर्म कानडीत आणि इंग्रजीत आहेत, आणि त्यांवर आप्पांच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा. बेळगावात कोणती भाषा चालावी हा वाद मी इथे आणत नाही. तो वेगळ्या ठिकाणचा आहे. ज्याला धड बोलता येत नाही त्याच्याकडून न वाचलेल्या कागदावर अंगठा घेऊन ‘रहिवासी समाधानी’ लिहिणे, एवढ्यावर माझा आक्षेप आहे. पाणी, लघवी, दुखते, थंडी, कूस बदला अशी चित्रे काढलेला आणि खाली मराठी-कानडी दोन्ही लिहिलेला एक पुठ्ठा दवाखान्यातल्या सिस्टरांनी आप्पांना दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘दुखते’वर बोट ठेवले.

शुश्रूषेचा दर्जा मोजायला काही नवे शोधावे लागत नाही. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक डॉ. आव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच मांडले आहे की दर्जा तीन ठिकाणी बघावा: साधने काय आहेत, काम कसे होते, आणि शेवटी माणसाचे काय झाले. आपला अहवाल पहिल्याच ठिकाणी थांबतो. बाग, फरशी, टीव्ही, लिफ्ट. दाबाच्या जखमेचा धोका मोजण्यासाठी ब्रेडन मोजपट्टी १९८७ पासून जगभर वापरतात: संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज ६ ते २३ येते, आणि १८ किंवा कमी आली तर धोका समजून त्याच दिवशी काळजी सुरू करायची. कागद एक, वेळ थोडा. आप्पांचे गुण एकदाही काढलेले नाहीत. मागावरचा माणूस कापड पारखताना आधी उलटी बाजू बघतो. आपण उलटी बाजू बघायची सोयच ठेवलेली नाही, आणि पारखणारा आणि विणणारा एकच आहे, कारण अहवालावर शाखा व्यवस्थापकच सही करतात आणि त्यांचा बोनस त्यावर ठरतो असे मला शाखेतच सांगण्यात आले.

आपल्या वकिलांनी करारात लिहिले आहे की कोणताही वाद फक्त मुख्यालयाच्या शहरात चालेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार देऊ शकतो, आणि सेवेशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्या कायद्यात सेवेतील त्रुटीच आहे. खासगी ज्येष्ठ निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद असलेले, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या देखभाल कायद्याचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून आपल्याला मोकळीक आहे असे समजू नये. पैसे घेऊन दिलेली सेवा ही सेवाच असते.

आता मागणी. गादीचे ६,५०० रुपये आणि पूर्ण अनामत परत करावी. प्रशिक्षित नर्स आणि हवेच्या गादीसाठी घेतलेली रक्कम तीन महिन्यांची परत द्यावी, आणि जखमेच्या उपचाराचा खर्च, जो अजून चालू आहे, आपण उचलावा. आप्पांच्या सगळ्या नोंदींच्या प्रती, औषधांच्या आणि रात्रपाळीच्या हजेरीसकट, मला द्याव्यात. दडपलेले पान मी ओळखेन, माझ्याकडे फोटो आहेत.

पण याहून तातडीचे दुसरे आहे. आप्पांच्या शेजारच्या कॉटवरचे काका अजून तिथेच आहेत. त्यांना भेटायला कोणी येत नाही. त्यांच्याही गादीचा पंप त्याच बोर्डावर होता. हे पत्र मिळाल्यापासून दोन दिवसांत बाहेरच्या, आपल्या पगारावर नसलेल्या नर्सकडून त्या मजल्यावरच्या प्रत्येकाची पाठ, टाचा आणि कमर तपासून घ्यावी, प्रत्येकाचे वजन करून दाखल वजनाशेजारी लिहावे, झोपेच्या गोळ्या कोणाच्या चिठ्ठीवर चालू आहेत ते डॉक्टरांकडून तपासावे, आणि ग्लास व घंटा ज्याच्या त्याच्या चालत्या हाताला ठेवावी. शेवटच्या कामाला पैसे लागत नाहीत. ते आजच होऊ शकते. नातेवाइकांना खोलीत जाण्याची मनाई उठवावी. मासिक अहवालात वजन, कातडी, पडणे, नवी औषधे आणि रात्री हजर असलेल्या नर्सचे नाव हे रकाने आणावेत, आणि तो मराठी-कानडी दोन्हीत द्यावा.

काकांच्या तपासणीबद्दल दोन दिवसांत शाखेकडून काही कळले नाही, तर मी ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर आणि जिल्ह्याच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण खात्याकडे त्यांच्यासाठी तक्रार करणार आहे. माझ्या स्वतःच्या मागण्यांसाठी १५ दिवस थांबेन. त्यानंतर बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज जाईल. कागद तयार आहेत.

उत्तर लेखी द्यावे. शाखेतून येणारे “एकदा चहाला या, बोलून घेऊ” हे फोन कृपया थांबवावेत.

आपली,
रहिवाशाची मुलगी आणि करारावर सही करणारी ग्राहक,
निपाणी, जि. बेळगाव

सोबत: कूस बदलण्याच्या तक्त्याचा फोटो, तीन महिन्यांचे दर्जा अहवाल, दवाखान्याचे कागद व बिले, माहितीपत्रक, अंतिम हिशेबाची प्रत