काझाहून आई-बाबांना पत्र

काझा, स्पीती खोरे, हिमाचल प्रदेश
फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. बाबा, तुम्ही फोनवर विचारलेत की एवढ्या थंडीत जायचेच होते तर स्वतंत्र गाडी करून, चांगल्या हॉटेलात उतरून का गेली नाहीस. सरकारी बसने आणि लोकांच्या घरी राहून पैसे वाचवण्याची ही जागा आहे का? इथे फोन लागला तर लागतो आणि बोलणे अर्ध्यावर तुटते, म्हणून उत्तर सविस्तर लिहून पाठवते आहे. इथल्या हिवाळ्यात कमी खर्चाचा मार्ग आणि सुरक्षित मार्ग बहुतेक ठिकाणी एकच असतो, आणि जिथे तो एक नसतो तिथे मी पैशांकडे पाहिलेले नाही.

आधी रस्त्याचे सांगते. मनालीकडून येणारा रस्ता सुमारे साडेचार हजार मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीतून येतो आणि ती खिंड हिवाळाभर बर्फाखाली बंद असते. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून शेजारच्या लाहौल खोऱ्यापर्यंत हिवाळ्यातही जाता येते, परंतु तिथून स्पीतीत उतरता येत नाही. उरतो तो किन्नौर जिल्ह्यातून येणारा रस्ता. काल्क्याहून १९०३ पासून धावणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीने सिमला गाठायचे, तिथून हिमाचल परिवहनच्या बसने सतलजच्या काठाने रेकाँग पिओला यायचे, आणि पुढे खाब येथे सतलज सोडून स्पीती नदीच्या सोबतीने ताबो व काझा गाठायचे. जोराची बर्फवृष्टी झाली किंवा दरड कोसळली तर बस थांबते, एरवी ती हिवाळ्यातही चालते. भाड्याच्या गाडीच्या चालकावर प्रवाशाच्या घाईचे दडपण असते, कारण पैसे तोच प्रवासी देणार असतो. पुढे रस्त्यावर बर्फ गोठला आहे असे कळल्यावर बस थांबवणाऱ्या सरकारी चालकाला मात्र कोणाचे मन राखायचे नसते. अशा चालकावर मी निःशंकपणे विसंबते.

या संथ प्रवासाचा खरा लाभ शरीराला होतो. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि काझा सुमारे ३६५० मीटरांवर वसलेले आहे, म्हणजे दुपटीहूनही अधिक. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांशच असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. उन्हाळ्यात मनालीहून निघून त्याच दिवशी काझाला पोहोचणारे लोक हा नियम मोडतात आणि मग डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश यांनी हैराण होतात. मी आधी रेकाँग पिओजवळच्या कल्पाला राहिले, नंतर ३२८० मीटरांवरच्या ताबोला, आणि मगच काझाला आले. वाटेतले नाको ताबोहून उंच असल्यामुळे तिथला मुक्काम टाळला. डोके दुखत असताना आणखी वर जायचे नाही आणि त्रास वाढू लागला तर विलंब न लावता खाली उतरायचे, हे मी मनाशी पक्के केले आहे. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबत घेतल्या आहेत आणि काझाला सरकारी आरोग्य केंद्रही आहे.

आता राहण्याचे. इथली बरीचशी हॉटेले हिवाळ्यात बंदच असतात, कारण नळांतील पाणी गोठून नळ फुटतात आणि सगळ्या खोल्या उबदार ठेवणे कोणालाच परवडत नाही. रात्री तापमान उणे २० अंशांच्याही खाली जाते. अशा वेळी उबेची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे राहते घर. जाड मातीच्या भिंती, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या, छतावर रचून ठेवलेला चारा आणि जळण, आणि मधोमध लोखंडी शेगडी, जिला इथे तंदूर म्हणतात. तिचे धुराडे छतातून बाहेर गेलेले असते. सारे कुटुंब हिवाळाभर त्या एकाच खोलीत वावरते, तिथेच स्वयंपाक, लोकर कातणे, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांचे जेवणखाण चालते. मला वेगळी खोली मिळाली आहे, पण झोपायची वेळ होईपर्यंत मीही तंदूरपाशीच बसते. आई, बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या तू वाचल्या आहेस, त्यामुळे हेही लिहिते की माझ्या खोलीत रात्री कसलाही विस्तव नसतो. स्लीपिंग बॅग, तिच्यावर घरातली जाड रजई आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी, एवढ्यावर रात्र व्यवस्थित जाते.

जेवणात थुक्पा, म्हणजे शेवयांचे गरम सूप, असतो, डाळभात असतो, आणि सकाळी भाजलेल्या सातूचे पीठ, ज्याला त्साम्पा म्हणतात, लोणी व मीठ घातलेल्या चहात कालवून खातात. थंडीत शरीर स्वतःला ऊब देण्यासाठी पुष्कळ अन्न खर्च करते, त्यामुळे स्निग्ध खाण्याचा कंटाळा करून चालत नाही. तू दिलेले डिंकाचे लाडू रात्री दगडासारखे घट्ट होतात, म्हणून मी ते तंदूरजवळ ठेवून मग खाते, आणि घरच्या आमांनाही, म्हणजे यजमानीणबाईंनाही, ते फार आवडले. हवा इतकी कोरडी आहे की घाम आलेला कळत नाही आणि थंडीमुळे तहानही फारशी लागत नाही, म्हणून ठरवून वरचेवर गरम पाणी पिते.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत, हे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. बूट, हातमोजे आणि स्लीपिंग बॅग यांवर मी तिकिटांपेक्षा अधिक खर्च केला. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड लोकर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट असते. सुती कपडे घामाने ओले झाले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब काढून घेतात, म्हणून ते बॅगेच्या तळाशीच आहेत. बोटे बधिर होऊन पांढरी पडू लागली तर ती चोळायची नाहीत, आगीजवळ धरायची नाहीत, उबेत जाऊन कोमट पाण्यात ठेवायची, हे शिकून घेतले आहे. रोख रक्कम गरजेपेक्षा जास्त ठेवली आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाती मोकळे दिवस ठेवले आहेत, कारण बर्फ पडल्यावर रस्ता उघडेपर्यंत थांबण्याची सवड ज्याच्याकडे नाही तोच माणूस धोका पत्करतो. आई, म्हणूनच मी परतीची नेमकी तारीख तुला सांगत नाही. रेकाँग पिओला उतरले की लगेच फोन करीन आणि रेल्वेचे तिकीट त्यानंतरच काढीन.

आणखी एक गोष्ट मला मनापासून लिहावीशी वाटते. राहणे आणि जेवण मिळून इथे जे मागतात ते मी घासाघीस न करता देते. घरात येणारी पाण्याची प्रत्येक बादली बर्फातून कोणीतरी वाहून आणलेली असते आणि तंदूरमध्ये जाणारे लाकूड व शेणी उन्हाळ्यातच साठवलेल्या असतात. स्नानाचा हट्ट मी सोडला आहे. शौचालय कोरडे असते, वापरल्यावर माती किंवा राख टाकायची, आणि तेच खत पुढे सातू व वाटाण्याच्या शेतात जाते. कमी खर्चात फिरणाऱ्याने यजमानाचे पाणी आणि जळण उधळले, तर त्याची बचत दुसऱ्याच्या पदरातून झाली असे मी समजते.

ताबोचा मठ मी पाहिला. तो इसवी सन ९९६ मध्ये बांधलेला असून संपूर्ण मातीचा आहे, आणि आतील भित्तिचित्रांमुळे त्याला हिमालयातले अजिंठा म्हणतात. १९७५ च्या मोठ्या भूकंपात त्याला इजा झाली, तरी तो उभा आहे. बाबा, अजिंठ्याला चित्रे दाखवताना तुम्ही आम्हाला डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायला लावत असा. मी तिथे तसेच केले.

तुम्हा दोघांना ताबो दाखवावे अशी माझी फार इच्छा आहे, मात्र हिवाळ्यात नव्हे. जूनमध्ये, याच किन्नौरच्या रस्त्याने, प्रत्येक मुक्कामी दोन रात्री थांबत जाता येईल. बाबांचा रक्तदाब आणि तुझे गुडघे लक्षात घेऊन त्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे लागेल. मी परतल्यावर तपासण्यांसाठी वेळ घेते. तोवर बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि तू जिन्यावरून पाण्याच्या बादल्या नेऊ नयेस.

तुमची लेक