डाव्या अंगठ्याची शिकवण : एका निवृत्त टर्नरकाकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात येऊ नये ही आपली अट पाळूनच लिहीत आहे. शिकवणीचे पैसे आपण घेतले नाहीत आणि शाल-श्रीफळाचा विषय काढला तेव्हा तो हसण्यावारी नेलात. त्यामुळे माझ्यापुढे एकच मार्ग उरला : रेडिओवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरला हवेत कोलांटी घ्यायला, म्हणजे ज्याला आपण सारे फ्लिप म्हणतो तो करायला, आपण मला कसे शिकवलेत हे चारचौघांत नीट सांगणे. निपाणी आणि चंदगडकडची काही मुले सध्या मला हेच विचारत असतात, तेव्हा त्यांच्याही ते उपयोगी पडेल.

फ्लिप म्हटला की बहुतेक शिकाऊंचे लक्ष ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, उजव्या स्टिककडे जाते, कारण हेलिकॉप्टर उलटते ते नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरने आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रान्समीटरांत तो उजव्या हाताला असतो. आपण पहिल्याच भेटीत माझे लक्ष तिथून काढून डाव्या अंगठ्यावर, म्हणजे पात्यांचा कोन एकदम बदलणाऱ्या कलेक्टिव्ह पिचवर आणलेत. हेलिकॉप्टर सरळ तरंगत असते तेव्हा हा कोन धन असतो आणि रोटरचा जोर वर लागतो. मागे कोलांटी घेताना ते नाक आभाळाकडे करून उभे झाले की तोच जोर आडवा लागतो आणि हेलिकॉप्टर बाजूला फेकले जाते, म्हणून त्या क्षणी कोन शून्यावर यावा लागतो. ते पाठीवर आले की कोन ऋण करावा लागतो, म्हणजे पोट आभाळाकडे असतानाही जोर वरच लागतो. नाक जमिनीकडे वळताना पुन्हा शून्य, आणि सरळ होता होता पुन्हा धन. कोलांटी सुरू करतो तो उजवा हात, पण हेलिकॉप्टर हवेत टिकवतो तो डावा, हे आपण मला सांगितले नाहीत, करवून घेतलेत.

त्यासाठी आपण वापरलात तो खानापूरचा पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्या शिवारात पाय ठेवायला कोरडी जागा नसते आणि वाराही पडत नाही, त्यामुळे या दिवसांत छंद बंद ठेवायचा अशी सर्वांची रीत आहे. आपण मात्र माझा ट्रान्समीटर केबलने जुन्या संगणकाला जोडून सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर उड्डाणाचा सराव करवणारा प्रोग्रॅम, सुरू करून दिलात, आणि फ्लिप करायला साफ मनाई केलीत. आधी नाक माझ्याकडे ठेवून हॉवर, म्हणजे एका जागी तरंगणे, मग डाव्या कुशीने, मग उजव्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस केवळ वर-खाली : झपकन चढायचे, शून्यावर आणायचे, ऋण देऊन उतरायचे आणि ठरलेल्या उंचीवर थांबवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, हे आज आभार मानतानाही लपवत नाही. पुढे फ्लिपचे चार तुकडे करून प्रत्येक तुकड्याशी डावा अंगठा कुठे असावा हे आपण मला मोठ्याने बोलायला लावलेत : ‘धन, शून्य, ऋण, शून्य, धन’. घरच्यांना ते पाढे वाटले.

आयडल-अपची, म्हणजे ट्रान्समीटरवरच्या एका खास रचनेची, गोष्ट मात्र आपण कागदावर आकृती काढून समजावलीत. साध्या रचनेत डावी स्टिक खाली आली की पात्यांच्या कोनाबरोबर मोटरही मंदावते. पाठीवर असताना स्टिक मध्याच्या खाली आणावीच लागते, आणि नेमके तेव्हाच रोटरचे फेरे गळाले तर हाती काहीच राहत नाही. म्हणून आयडल-अपमध्ये स्टिक कुठेही असली तरी फेरे जवळपास तेवढेच राहतात आणि बदलतो तो केवळ कोन. स्टिक मधोमध असताना पात्यांचा कोन मोजणारे पिच गेज शून्यच दाखवते ना, वर आणि खाली तो साधारण अकरा अंशांपर्यंत सारखाच जातो ना, हे प्रत्येक वेळी तपासण्याची सवय आपलीच. बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ आहे, म्हणून कारवारच्या मित्राने धाडलेले आकडे जसेच्या तसे घालू नकोस, हेही आपणच बजावलेत.

उद्यमबागेतल्या लेथवर उभा जन्म गेलेल्या माणसाकडून शिकण्याचा खरा लाभ सुरक्षिततेच्या धड्यात झाला. कटिंग स्पीड काढायचे आपले रोजचे सूत्र आपण माझ्या ४५० आकाराच्या हेलिकॉप्टरला लावलेत : व्यास ७०० मिलिमीटर, फेरे मिनिटाला २८००, गुणिले ३.१४, भागिले १०००. उत्तर मिनिटाला सहा हजार मीटरच्या वर आले, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक. तो आकडा वाचल्यावर मोटर बंद ठेवणारा थ्रॉटल होल्डचा स्विच लावल्याखेरीज हेलिकॉप्टरला हात लावू नकोस, हे मला कोणी दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. दोन्ही पाती ज्यावर बसतात तो फेदरिंग शाफ्ट काचेवर लाटून पाहायचा आणि वाकलेला आढळला तर सरळ करत न बसता टाकून द्यायचा, रोटरच्या डोक्यातले रबरी डॅम्पर मऊ पडले असतील तर बदलायचे, कारण एकदम ऋण कोन दिल्यावर पाती लवून शेपटीच्या दांडीला लागू शकतात, हे नियमही आपण त्याच करड्या शिस्तीने लावलेत. बॅटरीबाबत आपण फार बोलला नाहीत. टायमर चार मिनिटांवर लावून दिलात आणि तो वाजला की उतरायचे, एवढेच.

भातकापणी झाल्यावर आपण जागा निवडलीत तीही विचारपूर्वक. सांबऱ्याचा विमानतळ बेळगाव शहराच्या पूर्वेला आहे आणि २०२१च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत निर्बंध आहेत, म्हणून खानापूर तालुक्यातले, वस्तीपासून लांबचे शिवार आपण मालकाच्या परवानगीने ठरवलेत. वेळ सकाळची, वारा सुटण्याआधीची. हेलिकॉप्टर मला आडवे दिसेल असे उभे करवलेत, कारण तसे असले तरच रोटरची चकती किती कलली ते डोळ्यांना नीट कळते. कोन शून्यावर असताना त्याला धरून ठेवणारे काहीच नसते, अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर आणि पुऱ्या सेकंदात जवळजवळ पाच मीटर पतन होते, हा हिशेब सांगून आपण मला भरपूर उंचीवर नेलेत आणि कोलांटीआधी वर एक उसळी द्यायला लावलीत. त्यानंतर फ्लिप झाला. त्याचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही. बोटांना तो आधीच येत होता. आपण ‘उंची राखलीस’ एवढेच म्हणालात.

बांधावर जमलेल्या मुलांनी मग आपल्याला विचारले, की हवाई दलाच्या ‘सारंग’ पथकाची हेलिकॉप्टरे अशी पाठीवर का थांबत नाहीत. त्या पथकाच्या, बंगळुरूला घडलेल्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरची क्षमता जराही कमी न लेखता आपण त्यांना दिलेले उत्तर मला फार आवडले : माणसे वाहणाऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांना ऋण कोन फारच थोडा दिलेला असतो, कारण त्याला पाठीवर तरंगण्याची गरजच नसते, जर्मन बनावटीचे बीओ-१०५ लूप आणि रोल घेते, पण उलटे होऊन तेही एका जागी थांबत नाही. आपल्या खेळण्याची पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असतात आणि कोन दोन्हीकडे सारखा जातो, म्हणून त्याला सरळ काय नि उलटे काय. त्या मुलांपैकी एकाने आता सिम्युलेटर लावला आहे, आणि आपल्याच रीतीने मी त्याला अजून फ्लिप करू दिलेला नाही.

माझा मागे घ्यायचा फ्लिप दोन्ही कुशींनी बसला आहे, पुढे घ्यायचा मात्र अजून थोडा सरकतो. नाक जमिनीकडे असताना माझा कोन शून्यावर यायला उशीर होतो असे मला वाटते, पण ते आपण डोळ्यांनी पाहून सांगावे. उलटे हॉवरिंग त्यानंतरच सुरू करीन. शेतमालकाने माघ संपेपर्यंत जागा वापरायला दिली आहे. आपल्या सवडीची सकाळ कळवावी, खानापूर स्टेशनवर गाडी घेऊन येतो.

काकूंना सादर प्रणाम.

आपला कृतज्ञ विद्यार्थी,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव