दिल्याने ऑइल टाकलं होतं

सातारा,
१४ जुलै २०२५

प्रिय सुध्या,

माईंच्या वर्षश्राद्धाहून निघताना 'पोचलो की फोन करतो' म्हणालो होतो, त्याला आता आठ महिने झाले. शुगरची गोळी चालू आहे, वैशालीचा आखडलेला खांदा मोकळा झाला. बाकी सगळे बरे. हे पत्र त्यासाठी नाही. फोनवर मला हे बोलता येणार नाही आणि ग्रुपवर तर लिहिताच येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

शनिवारी मुक्ता आपली जुनी येझदी मोटरसायकल घेऊन पंपावर गेली होती. इथे चार दिवस पाऊस थांबलेला नाही. ओल्या फरशीवर स्टँड नीट लागला नाही आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. टाकीला पोचा आला, क्लचची लिव्हर वाकली. पोरीने तिथूनच फोन केला, "बाबा, गाडी माझ्या हातून पडली. मी अजून पंपावरच आहे." मागच्या गाडीचा धक्का लागला, पंपावरच्या पोराने हलवली, असलं काहीही तिला म्हणता आलं असतं. मी 'लागलं नाही ना?' एवढंच विचारलं आणि पुढे मला बोलवेना. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला काय आठवलं ते तिला कळलं. म्हणाली, "आता तरी सुधीरभावजींना सांगा."

तर सांगतो. मे १९९४ मध्ये अण्णांच्या येझदीचं इंजिन सीझ झालं, म्हणजे ऑइलविना जाम झालं, ते दिल्याने केलं नाही. मी केलं.

तुला तो आठवडा आठवत असेल. बुधवारी तू मला गाडी दिलीस, पेट्रोलचे पैसे दिलेस आणि पेट्रोलमध्ये लिटरमागे ४० मिली ऑइल मिसळायला विसरू नको म्हणून दोनदा बजावलंस. मी विसरलो नव्हतो सुध्या. हेच मला इतकी वर्षं बोचतंय. पंपावरच्या माणसाने 'ऑइल किती?' विचारलं आणि मी 'नको' म्हणालो. टाकीत तळाला जुनं मिश्रण आहे, एका फेरीला पुरेल, असा मनाशी हिशेब केला आणि ऑइलच्या पैशांचा राजवाड्यावर मोगऱ्याचा गजरा घेतला. वैशाली पहिल्यांदाच माझ्याबरोबर यायला तयार झाली होती. तुम्हाला मी सांगितलं होतं की मामाकडे जातोय.

समर्थ मंदिरावरून वर निघालो. दुपारचे तीन, ऊन कडक, दोघं गाडीवर आणि सगळा चढ. त्या इंजिनाला वेगळं ऑइल कुठून मिळणार? पेट्रोलमधून जाईल तेवढंच. यवतेश्वराच्या अलीकडच्या वळणावर आवाज आधी कोरडा झाला, बारीक खणखण सुरू झाली. मी ती ऐकली आणि तरी थांबलो नाही. मग एकदम मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबेपर्यंत गाडी घसरून आम्ही दोघं कठड्याशी. वैशालीचं कोपर सोललं, तो व्रण अजून आहे. गजरा रस्त्यावर पडला. खाली सगळं सातारा दिसत होतं, समोर अजिंक्यतारा, आणि मी गरम सिलिंडरकडे बघत बसलेलो. ती रडली नाही. "गाडी कुणाची आहे?" एवढंच तिने विचारलं.

तासाभराने इंजिन निवलं, किक फिरायला लागली. उतारावरून बंद गाडीच खाली आणली, बोगद्याजवळ ऑइल घेऊन टाकीत ओतलं आणि गाडी हलवून मिसळलं. चालू झाली. आवाज बदलला होता. तुझ्या दारात लावताना अण्णांनी विचारलं, "नीट चालली ना?" मी म्हणालो, "एकदम."

दुसऱ्या दिवशी दिल्या तीच गाडी घेऊन कऱ्हाडला निघाला, बहिणीच्या स्थळाची बोलणी होती. पिस्टनवर चरे मी आदल्या दिवशीच पाडून ठेवले होते. हायवेला गाडी तापली आणि अतीतच्या पुढे जी बसली ती टेम्पोत घालूनच परत आली. स्थळाकडे तो दोन तास उशिरा पोचला. ते स्थळ पुढे गेलं नाही, त्याचं कारण उशीर होतं की आणखी काही, मला माहीत नाही, पण हे लिहिताना हात थांबला.

त्या संध्याकाळी तुझ्या अंगणात आपण सगळे होतो. दिल्या घसा फोडून सांगत होता, "आईशप्पथ सुध्या, मी मापून ऑइल टाकलंय." तू म्हणालास, "मग इंजिन काय हवेने सुकलं?" आणि तेव्हापासून तो सुक्या झाला. मी हसलो होतो सगळ्यांबरोबर. सिलिंडर आतून घासून मोठा करायचा, म्हणजे रिबोअरचा, आणि त्यात बसेल अशा एक माप मोठ्या पिस्टनचा खर्च त्याने सायकल विकून भरला. मग आख्खं वर्ष त्याच्याकडे कॉलेजला यायला सायकल नव्हती. माझ्याकडे सायकल होती. मी त्याला रोज डबलसीट घेत होतो आणि तो सगळ्यांना सांगायचा, मित्र असावा तर असा.

मला वाटायचं, जुनी गोष्ट आहे, चेष्टेतली आहे. आणि चेष्टा करायला आपल्याकडे काय कमी होतं? तूच माईंना पंपावर उतरवून, त्या मागे बसल्यात असं समजून वाढे फाट्यापर्यंत गप्पा मारत गेलास. परत आलास तर माई पिशवीवर बसून पंपाच्या मालकाकडून चहा घेत होत्या! पेट्रोलची चावी बंद ठेवून मुलींच्या होस्टेलसमोर अर्धा तास किक मारत होतास, ती चावी उघडून दिली ती दिल्यानेच. येझदीची किकची आणि गिअरची दांडी एकच, बंड्या तर किक मारल्यावर ती गिअरला पाडायलाच विसरायचा. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर दोन्ही सायलेन्सरचे चटके आहेत. पण या गोष्टी ज्याच्या त्याच्या होत्या. दिल्याची गोष्ट त्याची नव्हतीच.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला बंड्याने स्टेजवरून हाक मारली, "सुक्या, फोटोला ये." व्याह्यांनी विचारलं, हे नाव कशावरून? बंड्याने सगळं रंगवून सांगितलं. दिल्या हसला, आणि मग हळूच म्हणाला, "ऑइल टाकलं होतं मी, पण जाऊ दे." मी त्याच्या शेजारी उभा होतो. चारजणांत बोलायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर वैशालीने साडीसुद्धा बदलली नाही, तशीच बाहेरच्या खोलीत बसून राहिली.

आणि गाडीचं. तू नाशिकला गेलास तेव्हा दिल्याने ती विकत मागितली होती. तू मला दिलीस, 'सुक्याच्या हातात देणार नाही' म्हणून. १९९६ मध्ये येझदीचा मैसूरचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून एकेका पार्टसाठी मी वणवण केली, तिला जीव लावला, हे खरं आहे. पण ती माझ्याकडे आली ती खोट्यावर आली. आता २०२२ पासून नवी येझदी निघाली आहे, ती फोर-स्ट्रोक. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. मुक्ताला मात्र हीच हवी असते. ऑइल ती स्वतः मापून घालते. तिला ते शिकवताना दर वेळी मला दिल्याचा चेहरा दिसतो.

आपलं भांडण मला आठवतं, २००३ मधलं, जमिनीच्या पैशांचं. तेव्हा तू मला म्हणाला होतास, "बाकी काही असेल पण तू खोटं बोलत नाहीस." मी त्यावर गप्प बसलो, आणि त्या वाक्यामुळेच तू भांडण मिटवलंस. ते भांडण परत उकरायचं असेल तर उकर, तुझा हक्क आहे.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे बंड्याकडून कळलं, वॉकिंग सुरू झालं का? ओंकारच्या नोकरीचं पक्कं झालं की अजून प्रोबेशनच? वहिनींना नमस्कार सांग, त्यांनी दिलेलं लोणचं मेपर्यंत पुरलं.

येत्या रविवारी मी दिल्याकडे जाणार आहे, गाडी घेऊनच. पोचा काढायला टाकलाय, शुक्रवारपर्यंत टाकी मिळेल. चावी आणि कागद त्याच्या पुढ्यात ठेवणार. अण्णांची गाडी आहे, म्हणून आधी तुला विचारतोय. तुझी हरकत असेल तर शनिवारच्या आत कळव. नसेल तर तू त्याला आधी फोन करू नकोस, त्याने हे माझ्या तोंडून ऐकायला हवं. तुझ्या फोनमध्ये त्याचं नाव तू सुक्या म्हणून सेव्ह केलं आहेस, ते तेवढं आजच बदल.

तुझा,
विन्या